बंद बोळातला बॅक्टेरिया: एकेका पेशीवर नजर ठेवणारी चिप

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

००:०० तीन दिवसांचा रिपोर्ट

आजचा विषय थोडा लॅबमधला आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करते.

गेल्या पावसाळ्यात मला युरिन इन्फेक्शन झालं. हो, पॉडकास्टवर सांगतेय. आपल्यातल्या कितीतरी जणींना हे होतं आणि कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगतेय. सारखी लघवीला जायची घाई, जळजळ, आणि रात्री थंडी वाजून ताप. सकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कल्चरसाठी सॅम्पल द्यायला सांगितलं आणि त्याच चिठ्ठीवर एक अँटिबायोटिकही लिहून दिलं. म्हणाले, "रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील, तोवर हे सुरू करा."

तिसऱ्या दिवशी फोनवर पीडीएफ आली. बॅक्टेरियाचं नाव, ई. कोलाय. खाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर: 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध लागू पडतं. आर म्हणजे रेझिस्टंट, लागू पडत नाही. मी दोन दिवस जी गोळी घेत होते, तिच्यापुढे 'आर' होतं.

यात डॉक्टरांची चूक नव्हती बरं का. ताप असलेल्या माणसाला तीन दिवस नुसतं बसवून ठेवता येत नाही, म्हणून अनुभवावरून अंदाज करावाच लागतो. पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. जेवण दहा मिनिटांत घरी येतं, मग हा रिपोर्ट तीन दिवस का घेतो?

त्या प्रश्नाचा पाठलाग करत मी जिथे पोचले, तो आजचा विषय: मायक्रोफ्लुइडिक्स. केसाहून बारीक नळ्यांची एक छोटी चिप. तिच्यात जिवंत पेशी ओळीनं बसवता येतात आणि एकेकीकडे तासन्‌तास बघता येतं.

०२:१५ गर्दी आणि सरासरी

आधी रिपोर्टला वेळ का लागतो ते बघू. लॅबमध्ये तुमच्या सॅम्पलचा थोडासा भाग एका प्लेटवर पसरतात. प्लेटमध्ये जेलीसारखं खाद्य असतं. ती रात्रभर ३७ अंशांच्या आसपास ठेवली, की एकेका बॅक्टेरियापासून नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका तयार होतो. तो ठिपका उचलून दुसऱ्या प्लेटवर पसरायचा, वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि पुन्हा रात्रभर थांबायचं. ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, ते औषध चाललं. काही लॅबमध्ये ही दुसरी पायरी मशीन करतं, थोडं लवकर होतं. पण मूळ गोष्ट तीच आहे. आपण बॅक्टेरियाची गर्दी व्हायची वाट बघत बसतो, कारण गर्दी झाल्याशिवाय ते आपल्याला दिसतच नाहीत.

गर्दीकडे बघण्यात अजून एक अडचण आहे. समजा शाळेनं सांगितलं, दहावी 'ब'ची सरासरी ६० टक्के. ठीक आहे. पण शेवटच्या बाकावरची मुलगी ९५ वर आहे की नापास झालीय, ते त्या आकड्यातून कळणार आहे का? नाही. आणि औषधाच्या बाबतीत नेमकी तीच शेवटच्या बाकावरची मुलगी महत्त्वाची असते. कोट्यवधी बॅक्टेरिया मेले आणि मूठभर वाचले, तर सरासरी म्हणेल 'सगळं छान झालं'. पण आजार पुन्हा उलटला तर तो त्या मूठभरांपासून उलटतो.

ही शंका जुनी आहे. १९४४ मध्ये जोसेफ बिगर नावाच्या आयरिश डॉक्टरनं बघितलं, की पेनिसिलिन घातलं तरी स्टॅफिलोकोकस जातीचे काही मोजके बॅक्टेरिया वाचतात. गंमत म्हणजे त्या वाचलेल्यांना पुन्हा वाढवलं, तर त्यांची पुढची पिढी पेनिसिलिननं नेहमीसारखीच मरते. म्हणजे ते रेझिस्टंट झालेले नव्हते. काहीतरी करून त्यांनी तो हल्ला निभावून नेला होता. बिगर यांनी त्यांना 'पर्सिस्टर' म्हटलं. आपण 'चिवट' म्हणू.

ते वाचतात कसे? त्यासाठी औषध द्यायच्या आधी ते काय करत होते, हे माहीत हवं. आणि आधी तर कळतच नाही ना, की कोण वाचणार आहे! मग एकच मार्ग उरतो. सगळ्यांवर आधीपासून नजर ठेवायची, एकेकावर, आणि नंतर रेकॉर्डिंग मागे नेऊन बघायचं. सीसीटीव्हीसारखं.

०५:०० बघायचं कसं?

ऐकायला सोपं वाटतं, की काचेच्या पट्टीवर थेंब ठेवा आणि मायक्रोस्कोप लावा. पण दोन गोष्टी आडव्या येतात.

एक म्हणजे हे बॅक्टेरिया पोहतात, वाहतात, फोकसमधून निघून जातात. दुसरी म्हणजे ते वाढतात, आणि कसे! चांगलं खाद्य मिळालं तर ई. कोलाय साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात. मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा आणि एकला दोननं ३० वेळा गुणत जा. एका बॅक्टेरियापासून दहा तासांत १०७ कोटी होतात, म्हणजे खाद्य पुरलं तर. प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी खाद्य संपतं, घाण साचते, एकावर एक थर चढतात आणि आपला मूळचा बॅक्टेरिया कुठला ते समजेनासं होतं.

म्हणजे आपल्याला अशी जागा हवी, जिथे पेशी एका ठिकाणी राहील, ताजं खाद्य येत राहील, घाण वाहून जाईल, जास्तीच्या पेशी आपोआप बाहेर पडतील आणि हवं तेव्हा पाण्यात औषध सोडता येईल. एवढ्या सगळ्या अटी पाळणारं घर बांधायचं, तर ते पेशीच्याच मापाचं असावं लागतं.

मापं सांगते. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड. रक्तातली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन. आणि ई. कोलाय? रुंदी एक मायक्रॉनच्या आसपास, लांबी दोन-तीन. केसाच्या जाडीवर हे आडवे, शेजारी शेजारी झोपवले, तर सत्तर-ऐंशी तरी मावतील.

०७:०० साचा, रबर आणि काच

इतक्या बारीक नळ्या बनवतात कशा? मला वाटलं होतं लेझरनं कोरत असतील. प्रत्यक्षात ही पद्धत मोदकाच्या साच्याच्या जास्त जवळची आहे.

आधी साचा. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशानं कडक होणारा एक थर पसरतात. त्यावर नळ्यांचा नकाशा धरून अतिनील प्रकाश पाडतात. प्रकाश लागतो तिथला थर कडक होतो, बाकीचा धुऊन जातो. हा साचा बनवायला धूळ नसलेली खोली लागते, कारण धुळीचा एक कण म्हणजे आपल्या बोळात पडलेला डोंगर.

मग त्या साच्यावर पीडीएमएस नावाचं रबर ओततात. नाव अवघड असलं तरी वस्तू ओळखीची आहे. तुमच्या मोबाइलचं मऊ सिलिकोन कव्हर असतं ना, त्याच घराण्यातलं हे. फक्त काचेसारखं पारदर्शक. मधासारखं दाट द्रव असतं. दहा भाग रबराला एक भाग घट्ट करणारं द्रव घालून ढवळायचं, बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतून ओव्हनमध्ये ठेवायचं. तासा-दोन तासांत घट्ट झालं, की वडी सुटते तसं सोलून काढायचं. खालच्या बाजूला नळ्यांचे खाचे उमटलेले असतात. पाणी आत-बाहेर करायला दोन भोकं पाडायची, ऑक्सिजनच्या प्लाझ्मानं पृष्ठभाग तयार करायचा आणि काचेवर दाबायचं. दोन्ही एकमेकांना कायमची चिकटतात. झाली चिप.

१९९० च्या दशकात अमेरिकेत हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं ही रबराची पद्धत पुढे आणली आणि त्यामुळे हे सगळं खूप स्वस्त झालं. महागडा साचा एकदाच करायचा. त्यावरून मग कितीतरी चिपा काढता येतात. शिवाय या रबरातून ऑक्सिजन आरपार जातो, म्हणजे आत बसलेल्या पेशी गुदमरत नाहीत.

०९:१० पाणी इथे वेगळंच वागतं

आता माझा आवडता भाग. एवढ्या छोट्या जागेत पाणी आपल्या ओळखीचं राहत नाही.

नळाखाली बादली भरताना पाणी उसळतं, भोवरे होतात, सगळं मिसळतं. पण नळी केसाएवढी झाली, की पाण्याचा चिकटपणा त्याच्या धावण्यावर मात करतो. भोवरे होतच नाहीत. लाल पाणी आणि निळं पाणी एकाच नळीत शेजारी शेजारी सोडलं, तर दोन्ही आपापल्या लेनमधून सरळ वाहतात. आपल्या रस्त्यांवर जे कधी जमलं नाही, ते इथे जमतं! दोन्ही फक्त मधल्या रेषेवर हळूहळू एकमेकांत शिरतात.

संशोधकांसाठी ही पर्वणी आहे. एकाच नळीत डाव्या लेनमध्ये औषध आणि उजव्या लेनमध्ये साधं खाद्य ठेवता येतं. प्रवाह बदलला की पेशीच्या भोवतालचं जग काही सेकंदांत बदलतं.

आणि ते आपसूक शिरणं, म्हणजे डिफ्यूजन, त्याचाही हिशोब इथे बदलतो. चहात साखर घालून न ढवळता बसलो, तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. साखरेच्या रेणूला न ढवळलेल्या पाण्यात एक सेंटिमीटर जायला साधारण एक दिवसाहून जास्त लागतो. पण दहा मायक्रॉन जायला? सेकंदाचा दहावा भाग. अंतर हजार पट कमी झालं की वेळ दहा लाख पट कमी होतो. म्हणून एखादा बोळ प्रवाहाच्या बाजूला असला, त्यात पाणी वाहत नसलं, तरी खाद्य आतपर्यंत झटकन पोचतं. हे लक्षात ठेवा, आत्ताच लागणार आहे.

११:०० आई बोळाच्या टोकाला

२०१० मध्ये सुकजुन जुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चिप वापरली, तिचं नाव 'मदर मशीन'. आधी रचना डोळ्यासमोर आणा.

एक मोठा रस्ता आहे. त्यातून ताजं खाद्य सतत वाहतंय. रस्त्याच्या कडेला काटकोनात शेकडो अरुंद बोळ आहेत. प्रत्येक बोळ बॅक्टेरियाच्या रुंदीएवढाच, आणि एका टोकाला बंद. त्या बंद टोकाला एक बॅक्टेरिया जाऊन बसतो. ती आई. ती वाढते, दोन होतात. जागा एकामागे एकच असल्यामुळे मुलगी तोंडाच्या दिशेला ढकलली जाते. मग नात, पणती, सगळ्या ओळीनं. ओळ रस्त्यापर्यंत आली की पुढची बाहेर पडते आणि प्रवाहाबरोबर वाहून जाते. आई मात्र जागची हलत नाही.

बघा, किती प्रश्न एकदम सुटले. गर्दी होत नाही, खाद्य कमी पडत नाही, कोण कुणाची मुलगी ते ओळीवरूनच कळतं. मायक्रोस्कोपखाली चिप ठेवली आणि काही मिनिटांनी एकेक फोटो काढत गेलं, की दिवसेंदिवस एकाच आईचा अख्खा जन्म बघता येतो.

त्यांना विचारायचं होतं, बॅक्टेरिया म्हातारा होतो का? विचित्र वाटतं, पण प्रश्न खरा आहे. बॅक्टेरिया मधोमध दुभंगतो, त्यामुळे प्रत्येक मुलीला एक टोक नवं मिळतं आणि एक जुनं. बंद टोकाशी बसलेल्या आईकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच जुनं टोक राहतं. २००५ मध्ये वेगळ्या पद्धतीनं केलेल्या एका कामात जुन्या टोकाच्या पेशी थोड्या सावकाश वाढताना दिसल्या होत्या. मदर मशीनमध्ये सुमारे २०० पिढ्यांपर्यंत आयांवर नजर ठेवली, आणि त्यांच्या वाढीचा वेग स्थिर राहिला. आया मरत होत्या, पण हळूहळू मंदावत जाऊन नव्हे. वाढीचा वेग आणि मरण या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. प्लेटवरच्या गर्दीकडे बघून हे कधीच कळलं नसतं.

१३:१० रेकॉर्डिंग मागे नेलं तेव्हा

आता आपल्या चिवटांकडे परत येऊ. त्यांच्यावरचं काम खरं तर मदर मशीनच्याही आधीचं आहे. २००४ मध्ये नताली बलबान आणि सहकाऱ्यांनी बारीक खाचांच्या चिपमध्ये ई. कोलाय ओळीनं वाढवले. नेहमीच्या जातीत चिवट फार कमी सापडतात, म्हणून ज्यात ते जास्त असतात अशी एक जात घेतली. आधी साधं खाद्य दिलं. मग अँपिसिलिन सोडलं. जवळपास सगळे फुटून मेले. मग पुन्हा साधं खाद्य. थोड्या वेळानं इकडे एक, तिकडे एक, असे वाचलेले वाढू लागले.

आता रेकॉर्डिंग मागे. औषध यायच्या आधी हे वाचलेले काय करत होते? जवळजवळ काहीच नाही. बाकीचे भराभर वाढत असताना हे जवळपास झोपलेले होते. अँपिसिलिन बॅक्टेरियाच्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं. ज्याचं बांधकामच बंद आहे, त्याचं काय बिघडवणार? म्हणजे औषध आल्यावर ते शहाणे झाले असं काही नव्हतं. हल्ल्याच्या आधीच, योगायोगानं, ते झोपेत होते.

गोष्ट इथे संपली असती तर किती सोपं झालं असतं! 'चिवट म्हणजे झोपलेले' असं आपण पाठ केलं असतं. पण २०१३ मध्ये युइची वाकामोतो, नीरज धर, जॉन मॅकिनी आणि सहकाऱ्यांनी टीबीच्या जंतूचा एक नातेवाईक घेतला, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. तो टीबी करत नाही आणि भराभर वाढतो, म्हणून लॅबमध्ये सोयीचा. त्याला चिपमध्ये बसवलं आणि आयसोनियाझिड दिलं. घरात कुणाला टीबी झाला असेल तर हे नाव ऐकलं असेल, उपचारातलं ते एक मुख्य औषध आहे.

इथे वाचलेले झोपलेले नव्हते. औषध चालू असतानाही काही पेशी दुभंगत होत्या, काही मरत होत्या. बाहेरून मोजलं तर संख्या जवळपास तेवढीच, म्हणजे वाटावं सगळे निपचित पडलेत. आत मात्र जन्म आणि मरण दोन्ही चाललेलं. एखाद्या गावाची लोकसंख्या दहा वर्षं तेवढीच राहिली, म्हणजे तिथे कोणी जन्मलं नाही आणि कोणी मेलं नाही, असं होतं का? तसंच हे.

मग वाचत कोण होतं? आयसोनियाझिड ज्या रूपात पेशीत शिरतं, त्या रूपात ते मारक नसतं. पेशीतलंच कॅटजी नावाचं एक एन्झाइम त्याला मारक करतं. म्हणजे जंतू स्वतःच्या हातानं बंदुकीत गोळी भरतो. हे कॅटजी प्रत्येक पेशीत सतत तयार होत नाही. अधूनमधून, कधीही, उसळी आल्यासारखं होतं. ज्या पेशीत त्या काळात उसळी कमी, तिची जगायची शक्यता जास्त. म्हणजे इथे वाचणं वाढीच्या वेगावर ठरत नव्हतं, त्या उसळ्यांवर ठरत होतं.

दोन बॅक्टेरिया, दोन औषधं, आणि वाचायच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा. गर्दीचा आलेख मात्र दोन्हीकडे साधारण सारखाच दिसतो: आधी घसरण, मग एक बारीक, लांब शेपूट.

आपल्याकडे या शेपटीला फार महत्त्व आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. साध्या टीबीचा उपचार सहा महिने चालतो. खोकला आणि ताप काही आठवड्यांत कमी होतो, वजन वाढायला लागतं, आणि मग माणूस म्हणतो, "आता कशाला गोळ्या?" तेव्हा बहुतेक जंतू मेलेले असतात हे खरंच आहे. उरलेले महिने त्या शेपटीसाठी असतात. एवढा वेळ लागण्याची इतरही कारणं आहेत, पण चिवट जंतू हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. तुमच्या मावशीनं किंवा मित्रानं मधेच गोळ्या सोडायचा विषय काढला, तर त्यांना बोळातल्या बॅक्टेरियाची ही गोष्ट सांगा.

१७:०० माणसाच्या पेशींसाठी पेले

आतापर्यंत बॅक्टेरियाच झाले. माणसाच्या पेशी मोठ्या, बहुतेक १० ते २० मायक्रॉनच्या, त्यांना बोळ चालत नाही. त्यांच्यासाठी नळीत इंग्रजी 'यू' अक्षरासारखे छोटे पेले उभे करतात, तोंड प्रवाहाकडे. पेल्याच्या खालून थोडं पाणी निसटायला फट असते. प्रवाहाबरोबर आलेली पेशी पेल्यात बसली, की फट बंद होते. मग पाणी त्या पेल्याला वळसा घालून जातं आणि पुढची पेशी पुढच्या पेल्यात. कोणी उचलून ठेवायला नको, पाणीच त्यांना ओळीनं बसवतं. अशा शेकडो पेल्यांत एकेक कॅन्सरची पेशी बसवून तिच्यावर औषधाचा परिणाम बघता येतो.

आणखी पुढे गेलं तर अवयवासारखी चिप. २०१० मध्ये बोस्टनमध्ये डॉनल्ड इंगबर यांच्या गटानं फुप्फुसाची चिप केली. दोन नळ्या एकावर एक, मध्ये छिद्रांचा पातळ पडदा. वर फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, खाली रक्तवाहिनीच्या पेशी आणि द्रव. बाजूच्या पोकळ्यांतून हवा खेचली, की पडदा ताणला जातो आणि सोडला की परत येतो. चिप श्वास घेते! यावर एक वेगळा एपिसोड करावा लागेल, म्हणून इथेच थांबते.

१८:२० परत माझ्या रिपोर्टकडे

तर, तीन दिवसांचं काय?

स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठात योहान एल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. बोळ तसेच, पण टोक पूर्ण बंद नाही. तिथे इतकी बारीक फट, की पाणी जातं आणि बॅक्टेरिया अडकतो. त्यामुळे त्यात थोडेच बॅक्टेरिया असलेलं द्रव सोडलं तरी ते आपोआप बोळांत भरले जातात. अर्ध्या बोळांना नुसतं खाद्य, अर्ध्यांना खाद्य आणि अँटिबायोटिक. आता ठिपका दिसायची वाट बघायला नको. बॅक्टेरियाची लांबी काही मिनिटांत किती वाढली, एवढंच मोजायचं. औषधवाल्या बोळांत वाढ मंदावली तर 'एस'. नाही मंदावली तर 'आर'. एकेका बॅक्टेरियाची वाढ कमी-जास्त असते, म्हणून शेकडो बोळांचे आकडे एकत्र बघतात. अर्ध्या तासाच्या आत उत्तर!

म्हणजे सरासरी इथेही काढलीच, पण आधी एकेकाकडे बघून मग. त्यामुळे गर्दी व्हायची वाट बघावी लागली नाही.

त्याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या 'सिसमेक्स अ‍ॅस्ट्रेगो' या स्वीडिश कंपनीच्या युरिन टेस्टला जून २०२४ मध्ये ब्रिटनमधलं 'लाँजिट्यूड प्राइज' मिळालं, ८० लाख पौंडांचं. साधारण १५ मिनिटांत बॅक्टेरिया आहेत की नाही, आणि ४५ मिनिटांत ठराविक अँटिबायोटिकपैकी कोणतं चालेल, हे ती सांगते. दवाखान्यातच, चिठ्ठी लिहायच्या आधी. माझ्या त्या 'आर'वाल्या दोन दिवसांची आठवण झाली आणि हे वाचताना थोडं भरून आलं, खोटं कशाला बोलू.

२०:१० अजून काय जमत नाही

नुसतं कौतुक करून थांबले तर तुम्हीच कमेंटमध्ये पकडाल, म्हणून अडचणीही सांगते.

हवेचा एक बुडबुडा नळीत शिरला की अख्खा प्रयोग गेला. पेशी भिंतींना चिकटून नळ्या तुंबतात. पीडीएमएस काही तेलकट औषधं स्वतःच शोषून घेतं. आपल्याला वाटतं पेशीला अमुक डोस मिळाला, आणि निम्मा रबरानंच पिऊन टाकलेला असतो. शिवाय चिपमधला बॅक्टेरिया अगदी लाडात असतो: ताजं खाद्य, स्वच्छ पाणी. शरीरात त्याच्या मागे आपल्या पांढऱ्या पेशी लागलेल्या असतात, खाद्याची मारामार असते. चिपमध्ये दिसलं ते शरीरात तसंच होईल, असं धरून चालत नाही.

आणि फोटो! एका प्रयोगात हजारो फोटो निघतात. प्रत्येकात पेशीची कड कुठे, ही आई की मुलगी, हे माणसानं बघत बसलं तर वर्ष जाईल. आता हे काम एआय करतं. आपल्याकडे आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी मायक्रोफ्लुइडिक्सवर काम चालतं, आणि या क्षेत्रात यायला फक्त बायोलॉजीच लागते असं नाही. मेकॅनिकलवाले पाण्याचा हिशोब करतात, कोडिंगवाले फोटो वाचतात. बारावीनंतर काय, असं विचारणाऱ्या श्रोत्यांनी ही नोंद घ्यावी.

२१:४० जाता जाता

ती ४५ मिनिटांची टेस्ट आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात येईपर्यंत आपण काय करू शकतो? डॉक्टरांनी कल्चर सांगितलं असेल तर पहिली गोळी घेण्याआधी सॅम्पल द्या, कारण गोळीनंतर बॅक्टेरिया प्लेटवर नीट वाढत नाहीत आणि रिपोर्ट चुकू शकतो. रिपोर्ट आला की पीडीएफ फोनमध्ये पडून राहू देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मी दाखवला, औषध बदललं, चार दिवसांत बरी झाले. घरात उरलेली जुनी अँटिबायोटिकची पाकिटं 'मागच्या वेळी लागू पडली होती' म्हणून घेऊ नका. आणि टीबीच्या गोळ्या मधेच सोडू नका, कुणाला सोडूही देऊ नका.

तुमचा युरिन कल्चरचा किंवा घरातल्या टीबीच्या उपचाराचा अनुभव असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. पुढच्या वेळी त्या श्वास घेणाऱ्या चिपकडे नीट बघू. तोपर्यंत काळजी घ्या, भरपूर पाणी प्या. भेटूच!